फळीवरची एक जागा आणि ग्रंथाची अनेक नाती

कळवण तालुक्यातून वाहत गिरणा नदी पुढे मालेगावाकडे जाते. त्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला, शेतकरी घरातला एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. आणि त्याच सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून आपल्या संस्थानात गावोगावच्या वाचनालयांची, ग्रंथपालांच्या शिक्षणवर्गाची आणि खेड्यांतून फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांची जी योजना अमलात आणली, तिच्यापासूनच आपल्याकडील ग्रंथव्यवस्थेचा मागोवा घ्यावा लागतो. हा मान आपल्या खोऱ्यातल्या माणसाचा आहे, असे म्हणण्याचा मोह एखाद्या कळवणकरास झाला, तर तो क्षम्य मानावा. बॉर्डनने बडोद्यासाठी जी वर्गीकरणपद्धती रचली तीत मेल्विल ड्यूईची दशांश पद्धती आणि चार्ल्स कटरची विस्तारशील पद्धती यांचा मेळ घातलेला होता. परंतु त्या दोन्ही पद्धतींप्रमाणे तिच्याही मुळाशी गृहीत होते ते हे की, पुस्तक एक, फळीवरची त्याची जागा एक, म्हणून त्याचा मुख्य विषयही एकच.

हे गृहीत कळवणच्या भूमीवर आणून तपासले म्हणजे त्याचा तोकडेपणा तत्काळ ध्यानी येतो. सप्तशृंगगडाविषयीचे एखादे पुस्तक घ्यावे: ते देवीचे म्हणून धर्मात, यात्रेचे म्हणून लोकाचारात, सातमाळा रांगेतील डोंगराचे म्हणून भूगोलात, की ओव्या-गीतांचे म्हणून लोकसाहित्यात? १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूईच्या पद्धतीत धर्माच्या शंभर अंकांपैकी बहुतांश ख्रिस्ती धर्माच्या वाट्यास गेले आहेत, समग्र हिंदुधर्म २९४.५ या एका बिंदूखाली दाटीवाटीने बसविला आहे आणि अवघे मराठी वाङ्मय ८९१.४६ या अंकाखाली. ग्रंथपालाने यांपैकी एक अंक ग्रंथाच्या कण्यावर लिहिला की पुस्तकाची इतर नाती मिटत नसत. ती ग्रंथपालाच्या स्मरणात राहत, आणि त्याच्या निवृत्तीबरोबर निघून जात.

या अडचणीचे सर्वांत बुद्धिमान निदान करणारा पुरुष आपल्याच देशातला होता. गणिताचे अध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९२४ साली शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि तेथील एका दुकानात सुट्या पट्ट्या व स्क्रू जोडून हवी ती आकृती बनविण्याचे मुलांचे खेळणे पाहून त्यांना आपल्या पद्धतीचे बीज सापडले, अशी हकीकत सांगतात. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलन पद्धतीत विषयांची तयार यादी नसून घटकांची सामग्री आहे: व्यक्तित्व, द्रव्य, शक्ती, स्थळ आणि काळ. कळवणच्या चाळीतील साठविलेल्या कांद्याला लागणारी सड हा विषय ड्यूईच्या यादीत मुळातच शोधावा लागेल. रंगनाथनांच्या पद्धतीत मात्र कांदा, सड, कळवण आणि अमुक दशक हे घटक जोडून तो सिद्ध करता येतो. आज ज्या ‘ऑन्टॉलॉजी’चा संगणकशास्त्रात इतका बोलबाला आहे, तिचे पूर्वसूरी शोधणाऱ्याने रंगनाथनांना वगळून पुढे जाणे म्हणजे पाया न पाहता कळसाचे मोजमाप घेणे होय. तरीही त्यांच्या सूत्राच्या शेवटी येणारा वर्गांक एकच असे, कारण फळी अजूनही फळीच होती.

मराठीपुरते बोलावयाचे तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीची बरोबरी करील असा उद्योग दुसरा दाखविता येणार नाही. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ साली, आणि १९३८ ते १९५० या कालखंडाची १९६१ साली प्रसिद्ध झाली. मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा १८६७ पासून जारी असल्यामुळे सरकारदरबारी नोंदी होत्या हे खरे, परंतु विखुरलेल्या नोंदींची रुजवात घालून त्यांतून एका भाषेच्या छापील ज्ञानाचा नकाशा उभा करण्याचे काम कोणत्याही कचेरीने केले नाही. ते एका माणसाने अंगावर घेतले. यंत्राच्या बुद्धीविषयी आज जे उत्साहाने बोलतात त्यांनी दात्यांच्या खंडांतील दोन-चार पाने शांतपणे वाचावीत, म्हणजे सूचीतल्या एका ओळीमागे किती निर्णय दडलेले असतात याचा अंदाज येईल.

स्वातंत्र्योत्तर काळाचा तपशील थोडक्यात आटोपतो. १९५७ च्या अखेरीपासून निघू लागलेल्या भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीत मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत उतरली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला, अ, ब, क, ड अशी प्रतवारी आली, आणि अनुदानित ग्रंथालयांची संख्या कालांतराने बारा हजारांच्या आसपास गेली. पण त्यांपैकी लहान वाचनालयांत सूची म्हणजे दाखल नोंदवही हाच व्यवहार राहिला. संगणक आल्यावर तीच नोंदवही पडद्यावर चढली, कोठे रोमनमध्ये, कोठे अशा टंकांत की दुसऱ्या यंत्रावर ती अक्षरे वाचताच येऊ नयेत. न्यूझीलंडमधून निघालेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ यांनी देवघेव सुकर केली. विषयाचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

तो हलला तो निराळ्याच दिशेने. १९९८ साली आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने कृती, तिची अभिव्यक्ती, तिचे प्रकाशित रूप आणि हातातली प्रत असे चार स्तर वेगळे केले. २००४ साली जागतिक जाळ्याच्या मानक-मंडळाने ऑन्टॉलॉजी लिहिण्याची औपचारिक भाषा मान्य केली. ऑन्टॉलॉजी म्हणजे अमुक क्षेत्रात कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांचे परस्परांशी कोणते नाते आहे, याची यंत्रास वाचता येईल अशी कैफियत. वणीची देवी म्हणून जी सर्वतोमुखी आहे तिचा गड कळवण तालुक्यात, आणि वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये कळवणचे इंग्रजी लेखन एक, आजच्या कागदोपत्री दुसरे. ही नाती एकदा नोंदली की ‘कळवण’ म्हणून शोधणाऱ्यास ‘वणी’ शीर्षकाचे पुस्तकही सापडते, आणि फळीवरची जागा हा केवळ पत्ता उरतो.

यापुढचे पाऊल फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१७ पासून टाकले. ‘अनिफ’ ही त्यांची प्रणाली पूर्वी माणसांनी विषय लावलेल्या हजारो नोंदी अभ्यासते आणि नव्या मजकुरासाठी त्यांच्या सामान्य ऑन्टॉलॉजीतील विषय सुचविते. प्रत्येक सूचनेपुढे भरवशाचा आकडा असतो, आणि स्वीकार-नकार ग्रंथपालाकडे राहू शकतो. मराठीत हे करू जाता पहिली अडचण विभक्तीची: कांद्याचा, कांद्यावर, कांद्याने ही सारी रूपे ‘कांदा’ या एका पदाकडे नेण्याचे शिक्षण यंत्रास द्यावे लागते. ती अडचण दूर होण्याजोगी आहे. दुसरी अधिक गंभीर आहे, ती ही की यंत्र शिकते ते जुन्या नोंदींपासून, आणि जुन्या नोंदींत जे नव्हते ते त्यास ठाऊक असण्याचे कारण नाही.

कळवण हा आदिवासीबहुल तालुका. येथील कोकणा समाज आपल्या बोलीस कोकणी म्हणतो; ग्रंथालयांत रूढ असलेल्या भाषासंकेतांच्या जुन्या यादीत ‘कोकणी’ म्हणजे गोव्याची, तेव्हा कोकणा बोलीतल्या गीतांचा संग्रह यंत्र बिनदिक्कत मांडवीच्या काठी पोचता करील. शेजारच्या अहिराणीची तऱ्हाही अशीच: भाषा-सर्वेक्षणकार ग्रिअर्सनने ती ‘खानदेशी’ या नावाने १९०७ साली भिल्ल भाषांच्या खंडात घातली, कित्येक सूचीकारांनी ती मराठीत धरली, आणि स्वतंत्र संकेत तिला मिळाला तो एकविसाव्या शतकातील विस्तारित यादीत, जीत कोकणा बोलीही वेगळी नोंदली आहे. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाचा उत्सव घेतला तर धर्म, व्रत, नृत्य, पावरीचे वादन आणि डोंगराविषयीची कृतज्ञता यांचे त्यात जे एकजीव रूप आहे त्यास ‘इतर धर्म’ किंवा ‘लोकसाहित्य’ हे कप्पे अपुरे पडतात. माझ्या मते नव्या पद्धतीचा खरा लाभ यंत्राच्या वेगात नसून, आजवर ग्रंथपालाच्या मनात राहिलेली ही नाती उघडपणे, नावानिशी लिहून काढण्याची सक्ती ती आपल्यावर करते, यात आहे.

कामाची सामग्री अगदीच नाही असे नव्हे. लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभारलेल्या मराठी विश्वकोशातील नोंदींची क्रमवारी, भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि दात्यांची सूची एवढ्यावर मराठीच्या सामान्य ऑन्टॉलॉजीचा सांगाडा सहज उभा राहील. कळवणपुरती भर मात्र येथेच घालावी लागेल: गावांची, वाड्यांची व डोंगरांची जुनी-नवी नावे, देवतांची व सणांची नाती, पिकांची आणि वाद्यांची बोलीतील पदे. त्यासाठी कोकणा बोली जाणणारा माणूस वाचनालयात काही वर्षे बसवावा लागेल, आणि ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या अनुदानातून त्याचे वेतन कसे भागवावयाचे, हे प्रणालीच्या खरेदीपूर्वी ठरवावे लागेल.