विश्लेषण : मेटल डिटेक्टरने शोधलेली वस्तू नेमकी काय, हे कसे ठरते?

इंग्लंडमधील कम्ब्रिया परगण्यात, क्रॉस्बी गॅरेट गावाजवळच्या कुरणात मे २०१० मध्ये एका हौशी शोधकाचा मेटल डिटेक्टर वाजला. चिखलातून तांब्याच्या मिश्रधातूचे ३३ मोठे आणि ३४ बारीक तुकडे निघाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली शोभेची वस्तू असावी, असे त्याला आधी वाटले. प्रत्यक्षात ते रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण होते. ऑक्टोबरमध्ये लिलावात त्याला सुमारे २३ लाख पौंड मिळाले.

यंत्र धातू ओळखत नाही का?

फक्त अंदाज देते. यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा उलट संकेत मोजला जातो. पण वस्तूचा आकार, जाडी आणि खोली यांनीही आकडा बदलतो. सोन्याची अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी दोन्ही एकच आकडा दाखवू शकतात.

मग ओळख कशी पटते?

पहिली चाचणी साध्या लोहचुंबकाची. लोखंड चिकटते, सोने, चांदी, तांबे, शिसे चिकटत नाही. तांब्यावर हिरवा थर चढतो, शिसे पांढुरके पडते आणि आकाराच्या मानाने जड लागते. मग छिद्र, कडी, रिव्हेट, झिजलेली कड पाहायची. एकसारखे यंत्रावर पाडलेले आटे दिसले, तर वस्तू फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’कडे अशा १५ लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत, नवी वस्तू त्यांच्याशी ताडून पाहता येते.

सर्वात मोलाची माहिती मात्र वस्तूत नसतेच. ती कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडली, यावरून काळ ठरतो. म्हणून खड्ड्याचा फोटो आधी, वस्तू उचलणे नंतर. आणि घासणे तर नकोच. तांब्याचा हंडा आपण चिंचेने लख्ख करतो. तोच हात जुन्या नाण्यावर फिरला की अक्षरे आणि पुरावा दोन्ही जातात. त्या शिरस्त्राणाचेही तुकडे विक्रीपूर्वीच जोडून दुरुस्त केले गेले आणि मूळ अवस्थेतली शास्त्रीय तपासणी राहून गेली.

कायदा काय सांगतो?

सोन्या-चांदीची नसलेली एकटी वस्तू १९९६च्या ब्रिटिश कायद्यात ‘खजिना’ ठरत नव्हती. त्यामुळे स्थानिक संग्रहालयाला बोलीत उतरावे लागले आणि ते हरले. २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची धातूची वस्तूही खजिन्यात मोडते.

भारतात १८७८चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक. दहा रुपये ही मर्यादा अर्थातच त्या काळातली. ‘छावा’ पाहून २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगड किल्ल्याजवळ रात्री डिटेक्टर घेऊन शेते उकरणाऱ्यांना याची कल्पना कितपत होती, कोण जाणे.

एक अपवाद : गंजलेली, जड, टोकदार नळकांड्यासारखी वस्तू दिसली तर ओळख पटवायच्या भानगडीत पडू नये. तो न फुटलेला तोफगोळा असू शकतो. हात न लावता दूर व्हावे आणि ११२वर पोलिसांना कळवावे.