ऑन-रोड किमतीच्या पोटात काय दडलंय?

शोरूममधली ‘एक्स-शोरूम’ किंमत कंपनी ठरवते. जीएसटी आणि विक्रेत्याचं कमिशन त्यात आधीच धरलेलं असतं.

मग आकडा फुगू लागतो. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली, तर ११ टक्के दराने ८८ हजार रुपये वाहन कर. इथे घासाघीस चालत नाही. गाडी दहा लाखांवरची असेल, तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर. तो मात्र आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

विक्रेत्याची खरी मलई पुढेच असते: विमा, कर्ज, वाढीव वॉरंटी, सीट कव्हर आणि मॅट. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्या असं कोणताही कायदा सांगत नाही. ‘सूट देतो, पण विमा आमचाच’ या प्रेमळ आग्रहामागे कमिशन असतं. ‘हँडलिंग चार्जेस’ ही ओळ तर सरळ खोडायला सांगावी.

डिसेंबरात सूट वाढते, कारण जानेवारी उजाडताच उभी गाडी ‘गेल्या वर्षीची’ ठरते आणि तिची पुनर्विक्रीची किंमत घसरते.

बुकिंगचे पैसे देण्याआधी प्रत्येक रकमेचा वेगळा तपशील लेखी मागून घ्या.