पॅड नवे, तरी दिवा पेटलेलाच?

घाटात उतरण्याआधी

पोलादपूर–महाबळेश्वरचा आंबेनळी, महाड–भोरचा वरंध, खेडकडचा जुना कशेडी. या उतारांवर पॅड सपाटीपेक्षा लवकर झिजतात.

• दिवा ओळखा. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह: हँडब्रेक ओढलेला किंवा ब्रेक ऑइल कमी. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस, बहुधा पिवळा: पॅड झिजले.

• नव्या पॅडचा थर साधारण 10 ते 12 मिमी. 3 मिमी उरला की बदलायचा.

• सेन्सर नसलेल्या गाड्या: पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किंचाळते. रीसेट करण्यासारखे काही नाही.

• सेन्सर असलेल्या: पॅडलगत बारीक तार असते. घासून तुटली की दिवा लागतो. तुटलेला सेन्सर पुन्हा चालत नाही, नवाच लागतो. तो बसवल्यावर काही गाड्यांत दिवा आपोआप विझतो. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत मात्र सर्व्हिस मेनूतून किंवा स्कॅनर लावून रीसेट करावे लागते. जुनाच सेन्सर ठेवून केलेला रीसेट टिकत नाही.

• ऑइलची पातळी: पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, टाकीतले ऑइल उतरते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की ते वर चढते. मधल्या काळात टॉप-अप केले असेल तर सांडते, आणि हे ऑइल गाडीचा रंग खाते.

• पॅड बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाऊ शकते. महाडच्या गॅरेजातून निघून थेट वरंध धरणाऱ्याने हे विसरूच नये.