समुद्राखाली उतरण्यापूर्वी : घरातील ज्येष्ठांसाठी काही विचार

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या कुरुंदवाड परिसरातील अनेक कुटुंबे कोकणची वाट धरतात. पूर्वी मालवणला जायचे ते सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आणि ताजी मासळी खायला. आता त्यात स्कूबा डायव्हिंगची भर पडली आहे. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. मालवणच्या उथळ समुद्रात तर पोहता न येणारी माणसेही मार्गदर्शकाच्या आधाराने मासे आणि प्रवाळ पाहून येतात. अशा वेळी नातवंडे हौसेने आजी-आजोबांचीही नावे यादीत घालतात आणि त्यांचे मन मोडू नये म्हणून आजोबा रक्तदाबाच्या गोळीविषयी मौन पाळतात. हे मौन धोक्याचे आहे.

‘डॉक्टर, मी कृष्णेत पोहत वाढलो, मला काय होणार?’ असा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. पोहण्याचे कौशल्य मोलाचे आहे. परंतु पाण्याखाली श्वास घेणे ही निराळी गोष्ट आहे.

पाण्याखाली शरीरात काय घडते?

समुद्रात १० मीटर खाली गेले की शरीरावरील एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. दाबातील हा फरक सर्वप्रथम कानांना जाणवतो, तोही पहिल्या काही मीटरांतच. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा ढकलली की कान मोकळे होतात. सर्दी असेल तर ते होत नाही आणि जोर केल्यास पडद्याला इजा पोहोचते. सर्दी असताना किंवा पडद्याला छिद्र असल्यास पाण्याखाली उतरू नये.

वर येताना याच्या उलट घडते. फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. श्वास रोखून वर आल्यास अगदी थोड्या खोलीवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या खेळाचा पहिला नियम आहे.

ज्येष्ठांच्या दृष्टीने तिसरी बाब अधिक महत्त्वाची. पाण्यात शिरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील भार वाढतो. त्यात श्रम आणि भीती यांची भर पडते. वाढलेले वय आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांच्या फुप्फुसांत अशा वेळी पाणी साठण्याचा धोका अधिक असतो.

अर्ज खरा भरा

पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्यविषयक प्रश्नांचा अर्ज भरून घेण्याची पद्धत आहे. वय ४५च्या पुढे असून धूम्रपान, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे आंतरराष्ट्रीय अर्जात अपेक्षित असते. केवळ औपचारिकता म्हणून घाईने सही करू नये. कोणी अर्ज दिला नाही, तरी आपण होऊन विचारावे आणि सांगावे.

सहलीच्या तीन-चार आठवडे आधीच आपल्या डॉक्टरांना भेटावे. हृदयविकार, दमा, फिट येणे, इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, डोळ्यांची वा कानाची अलीकडील शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर स्पष्ट सांगावे. पाण्याखाली साखर एकाएकी उतरली तर ती ओळखणे कठीण जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे श्रम सोसण्याची शक्ती कमी होते. डॉक्टर नको म्हणाले तर तो निर्णय मान्य करावा. आणि सहलीसाठी एखादी गोळी परस्पर बंद करू नये. गर्भवतींनी पाण्याखाली उतरूच नये.

परतीचा घाट

आपल्या भागातील प्रवाशांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पाण्याखाली शरीरात थोडा नायट्रोजन विरघळतो आणि उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. म्हणून एकदाच पाण्याखाली उतरल्यानंतर किमान १२ तास, तर अनेकदा उतरल्यास १८ तास विमानप्रवास टाळण्याचा सल्ला दिला जातो. कुरुंदवाड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे आणि घाटमाथा त्याहूनही वर. उथळ पाण्यातील अल्प काळासाठी हा धोका लहान आहे; तरीही त्याच दुपारी घाट चढण्यापेक्षा ती रात्र किनाऱ्यावरच काढावी. पाण्याबाहेर आल्यावर छातीत दुखणे, धाप, सांधेदुखी, बधिरता किंवा भोवळ जाणवल्यास रुग्णाला आडवे झोपवावे, प्राणवायू मिळवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात ‘स्कूबा केले होते’ हे आवर्जून सांगावे.

किनाऱ्यावरची सोबत

काठावर थांबणाऱ्यांचीही काळजी घ्यायला हवी. हलत्या होडीत चढता-उतरताना तोल जातो. दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उन्हात लवकर शोष पडतो, म्हणून टोपी, सावली आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत पाणी हवे. नेहमीच्या गोळ्या मोठ्या सामानात न ठेवता हाताशी असाव्यात. आणि सारे कुटुंब पाण्यात, आजी एकट्या वाळूत, असे होऊ देऊ नये. एकाने आळीपाळीने जवळ थांबावे.

मुलांनी आग्रह करण्यापूर्वी एकदा शांतपणे विचारावे, ‘बाबा, तुम्हाला खरेच उतरायचे आहे का?’ होकार आला तर तपासणी करून न्यावे. नकार आला तर त्याचा मान राखावा. काठावर बसून नातवाच्या तोंडून माशांचे रंग ऐकणे, हाही सहलीचा आनंदच आहे.