सुवाह्य संगणकाची निगा व दुरुस्ती

इ. स. १९८३ मध्ये अमेरिकेतील टँडी कंपनीने आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ नावाचा संगणक विक्रीस आणला. त्याची निर्मिती जपानमधील क्योसेरा कंपनीची होती. आकार जाड वहीएवढा आणि वजन दोन किलोग्रॅमहूनही कमी. पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी मावत, आणि ‘एए’ आकाराच्या चार साध्या घटांवर तो सुमारे २० तास चाले. वार्ताहर त्यावर बातमी लिहीत व टेलिफोनच्या तारेवरून कचेरीस धाडीत. त्यातील प्रोसेसर ८०सी८५ हा होय. त्याच कुळातील ८०८५ आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुष्कळ वर्षे शिकविला गेला. म्हणून आपल्या विद्यार्थ्यास हे यंत्र अगदीच परके वाटू नये.

रक्षक तोच भक्षक

आजच्या संगणकात साठविलेला मजकूर वीज गेल्यावरही टिकतो. येथे तसे नाही. मजकूर ज्या स्मृतिकोशात राहतो त्यास अखंड विद्युत्‌प्रवाह लागतो. साधे घट संपले अथवा बदलावयाचे झाले, तर तेवढ्यापुरता प्रवाह मिळावा म्हणून मुख्य फलकावर ३.६ व्होल्टचा एक लहानसा निकेल-कॅडमियम घट सोल्डर करून बसविलेला आहे. तो वारंवार भारित होऊन स्मृती जतन करतो. परंतु जुना झाला म्हणजे त्यातून क्षारधर्मी द्रव पाझरतो आणि फलकावरील तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. म्हणून दुरुस्तीचा आरंभ या घटापासून करावा. मात्र तो काढताच स्मृती पुसली जाते. यंत्र चालू होत असेल, तर आतील मजकूर आधी तारेने दुसऱ्या संगणकात उतरवून घ्यावा. मगच स्क्रूपिळणी हाती घ्यावी.

पडदा कोरा दिसल्यास

प्रथम बाहेरून तपासावे. तळाशी स्मृतीच्या वीजपुरवठ्याचे बटण असते. ते बंद असल्यास यंत्र चालत नाही. बाजूचे चक्र फिरविल्याने अक्षरे गडद अथवा फिकट होतात, तेही पाहावे. घटांच्या स्प्रिंगांवर गंज असल्यास खरवडून काढावा. अडॅप्टर ६ व्होल्टचा असून त्याच्या टोकाचा मध्यभाग ऋण व बाहेरील भाग धन असतो. बाजारातील पुष्कळ अडॅप्टर याच्या उलट असतात. म्हणून जोडण्यापूर्वी मापकाने खात्री करून घ्यावी.

एवढ्याने भागले नाही तर यंत्र उघडावे. वरच्या भागास जोडलेल्या तारा ताणू नयेत. फलकावर +५ व −५ असे दोन्ही व्होल्ट मिळतात का, हे मोजावे. पडद्यास ऋण दाबही लागतो. तो नसेल तर बाकी यंत्र धड असूनही पडदा कोराच राहतो. बहुधा दोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा असतो. त्यांतील द्रवही वयोमानाने गळतो. असे सर्व कपॅसिटर एकदम बदलावेत. पडद्याचा एखादा चौकोनी भागच कोरा असेल, तर त्या भागाची चालक चकती अथवा तिची जोडणी पाहावी. अशा चकत्या दहा असून प्रत्येकीकडे पडद्याचा एकेक भाग सोपविलेला आहे.

स्वच्छता

निकेल-कॅडमियम घटातून गळालेला क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावा, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने व शेवटी अल्कोहोलने स्वच्छ करून फलक पूर्ण वाळवावा. नवा घट त्याच व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड जातीचा घेतला तरी चालतो.

यंत्र मध्येच थिजल्यास पाठीमागील रीसेटची कळ दाबावी. त्याने काम न भागल्यास ‘कंट्रोल’ व ‘ब्रेक’ या कळा धरून ती पुन्हा दाबावी; मात्र याने सर्व मजकूर नष्ट होतो. म्हणून हा उपाय अखेरचा समजावा.

यंत्र दीर्घकाळ ठेवून द्यावयाचे असेल, तर मजकूर उतरवून घ्यावा, चारही घट काढावेत व तळाचे बटण बंद करावे. मजकुराची प्रत वेगळी असली म्हणजे स्मृतिकोश रिकामा झाला तरी हानी नाही. परंतु फलक कुजला तर यंत्रच जाते.