पोपटी लावताय? पाला ताजा घ्या, विस्तव विझवूनच निघा

अलिबाग, पेण, रोहा भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपट्या लागतात. पोपटीत तेल नाही, पाणीही नाही. तरी शेंगा करपत नाहीत. कारण भांबुर्डीचा पाला.

मडक्याच्या तळाला आणि कडेने हा पाला दाबून लावतात. त्यावर ओवा, जाडे मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेले मसाल्याचे चिकन असे थर देतात. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात, भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडे रचून पेटवतात. पाल्यातल्या ओलाव्याची वाफ आत कोंडते, त्यावरच सगळे शिजते. म्हणून पाला हिरवाच हवा. वाळलेला घातला तर शेंगा करपणारच.

साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र करून लगेच सुकले की पोपटी झाली. चिकनचा मोठा तुकडा मात्र फोडून बघा. आत कच्चा असेल तर खाऊ नका.

जागा पेंढ्याच्या उडवीपासून लांब निवडा, पाण्याची कळशी जवळ ठेवा. निघताना राखेवर पाणी ओता. वरून विझलेला विस्तव वाऱ्याने पुन्हा पेटतो, आणि गुरांची वर्षाची वैरण जाते.