मुलांच्या भिंतीवरील मिसरी चित्रें

लहान मुलाच्या खोलींत कोणतें चित्र असावें, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. परंतु निजण्यापूर्वीं मुलाची शेवटची दृष्टि ज्या भिंतीवर पडते, त्या भिंतीचा त्याच्या मनाशीं निकटचा संबंध असतो. प्राचीन ईजिप्तच्या, म्हणजे मिसर देशाच्या, धर्तीचीं गमतीदार कापडी चित्रें हल्लीं मुलांच्या खोलींत लावलेलीं दिसतात. हीं चित्रें परकीं म्हणून त्यांस नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मात्र त्यांचा अर्थ जाणून निवड केली पाहिजे.

महाराष्ट्रांतील अनेक घरांत श्रावणांत भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्यावर लेकरांनीं वेढलेली जिवती असते. शिवाय नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि हत्तीवाघांवर आरूढ झालेले बुध-बृहस्पति असतात. घरांतील मुलेंबाळें सुखरूप असावींत, एवढाच त्यामागील हेतु. मिसरी लोकांचाहि हेतु असाच होता. त्यांचा बेस नांवाचा देव बुटका, दाढीवाला, सिंहासारखी आयाळ असलेला आणि जीभ बाहेर काढलेला असे. इतर देव बाजूनें काढीत. हा मात्र समोर पाहणारा. त्याच्या विचित्र रूपास भिऊन साप व दुष्ट शक्ति पळून जातात आणि माता व मुलें निर्धास्त राहतात, अशी श्रद्धा होती. नाईलच्या पश्चिम तीरावर देर अल-मदीना येथें राजांच्या कबरी खोदणारे कारागीर राहत. त्यांच्या घरांच्या भिंतींवर बेसचीं चित्रें सांपडलीं आहेत. इ. स. पूर्वीं १४ व्या शतकांतील राजा तिसरा आमेनहोतेप याच्या शयनगृहांतहि नाचणाऱ्या बेसांची रांग रंगविलेली होती.

कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस किंवा ससाण्याच्या तोंडाचा होरस पाहून मराठी मुलास फारसें नवल वाटणार नाहीं. गजमुख गणपति त्याच्या ओळखीचाच आहे. म्हणूनच हे कोणाचे तरी देव होते, हें मुलास आदरपूर्वक सांगावें. निखळ विनोद हवा असेल तर तोहि मिसरांत आहे. इटलींतील तुरीन येथील संग्रहालयांत सुमारें ३१०० वर्षांपूर्वींचा एक पपायरस आहे. त्यांत गाढव, सिंह, मगर व माकड मिळून वाद्यें वाजवीत आहेत, आणि उंदरांचें सैन्य मांजरांच्या किल्ल्यावर चालून गेलें आहे! याहून मुलांस रुचेल असें चित्र कोणतें?

या चित्रांची रीत समजली म्हणजे तीं घरींहि काढतां येतात. मिसरी चित्रकार गेरूंत भिजविलेलें सूत ताणून भिंतीवर रेघा उमटवीत. आपले सुतार लाकडावर उमटवितात तशाच. त्या चौकटींत उभा मनुष्य तळपायापासून कपाळावरील केसांपर्यंत १८ घरांचा भरे. तोंड बाजूनें, पण डोळा व खांदे समोरून; प्रत्येक अवयव जसा चटकन ओळखूं येईल तसा काढावयाचा, हा नियम. लहान मुलेंहि बहुधा अशींच चित्रें काढतात.

साहित्यासाठीं दूर जावयास नको. यवतमाळ कापसाचा जिल्हा आहे. मांजरपाट लांकडी चौकटीवर ताणून खिळवावा. बाभळीचा डिंक पाण्यांत भिजवून त्यांत खडूची पूड कालवावी व पातळ थर द्यावा. थर जाड झाला तर तडकतो. वाळल्यावर गेरू, पिवडी, काजळ आणि नीळ डिंकाच्या पाण्यांत घोटून रंग भरावे. मिसरी लोकहि बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक वापरीत, आणि आपल्या बाभळीच्या शास्त्रीय नांवांत नाईल नदीचेंच नांव आहे. हे रंग पाण्यानें उतरतात. म्हणून चित्र पावसाळ्यांत ओल येणाऱ्या भिंतीवर लावूं नये.

शवपेटिका व ममी यांचीं चित्रें मात्र टाळावींत. हैदराबादच्या संग्रहालयांत एक ममी जतन केलेली आहे. ती दिवसाउजेडीं वडीलधाऱ्यांसह पाहावी, उशाशीं तिचें चित्र नसावें. अंधारांत मुलाची कल्पना दुप्पट काम करते, आणि दिवसा हंसविणारी आकृति रात्रीं भिववूं शकते. यास्तव चित्र टांगण्यापूर्वीं दिवा मंद करून तें मुलास दाखवावें. त्यानें अंग चोरलें तर चित्र बदलावें. तो हंसला तर निश्चिंतपणें खिळा ठोकावा.